‘कॅन?’ला दिलेलं उत्तर

आमचे सॉफ्टबॉलचे कोच चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने उचलायचे. उजवा हात खांद्याच्या वर जातच नसे. सत्तरी उलटलेले हे जपानी आजोबा मुलीबरोबर सिंगापूरला आले आणि आमच्या शाळेत शिकवू लागले. तरुणपणी, पन्नासच्या दशकात, ते बेसबॉलचे व्यावसायिक पिचर होते. पिचर म्हणजे आपला बोलर, एवढं सांगून बाबा नातेवाइकांपुढे विषय मिटवायचे. मला ते ‘आमची फास्ट बोलर’ म्हणायचे.

कोच स्वतःबद्दल क्वचितच बोलत. कळलं ते तुकड्यातुकड्यांनी. रेल्वे कंपनीच्या मालकीचा संघ. आज पिच केलं तरी उद्या पुन्हा तेच. खांदा दुखू लागला तेव्हा मॅनेजर विचारायचा, जमेल? हे म्हणायचे, जमेल. एका उन्हाळ्यात चेंडू समोर झेलायला बसलेल्या कॅचरपर्यंत पोचेनासा झाला. तिशीच्या आतच ते त्याच कंपनीच्या स्टेशनवर तिकिटं तपासायला लागले.

इथे येऊन त्यांनी एक शब्द मात्र पक्का केला होता. ‘‘कॅन?’’ ते विचारायचे, म्हणजे जमेल? ‘‘कॅन,’’ आम्ही म्हणायचो.

मला हे सोयीचं होतं. पिचरच्या सर्कलमध्ये उभं राहिलं की कुणाशी बोलावं लागत नसे, आणि शाळेत अशी दुसरी जागा मला सापडली नव्हती. म्हणूनच सेमीफायनलच्या आठवड्यात खांद्यातून कळ यायला लागली तेव्हा मी गप्प राहिले. बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये वेणी घालताना माझा हात अर्ध्यातच थांबला. आईने ते पाहिलं.

‘‘हात का असा धरलायस?’’

‘‘ओके, लाह,’’ शाळेत सगळे लावतात ते इथलं शेपूट लावून मी म्हटलं.

‘‘लाह म्हटलं की झालं, नाही का?’’

सेमीफायनलच्या शेवटच्या इनिंगमध्ये आम्ही एका रनने पुढे होतो. समोरच्यांच्या दोन बॅटर आउट झाल्या होत्या, आणखी एक आउट केली की आम्ही जिंकणार होतो. सॉफ्टबॉलमध्ये हात पूर्ण गोल फिरवून चेंडू खालून सोडतात. माझा हात वरपर्यंत जाऊन अडकायला लागला. चेंडू भलतीकडे जात होते, असे चार गेले की बॅटरला फुकट बेस मिळतो, आणि बघता बघता तिन्ही बेसवर त्यांच्या मुली येऊन उभ्या राहिल्या.

कोचनी खेळ थांबवला आणि सावकाश चालत माझ्यापाशी आले. कॅचरही धावत आली. ‘‘शी कॅन वन, कोच. ऑलवेज कॅन.’’ हिला जमतंच, नेहमीच.

‘‘कॅन?’’ कोचनी मला विचारलं.

‘‘कॅन.’’

ते हलले नाहीत. अंपायर आमच्याकडे बघत होता. माझी बोटं चेंडूच्या शिवणीत रुतली होती. कोचनी पुन्हा विचारलं, अगदी हळू, पहिलं उत्तर ऐकलंच नसल्यासारखं. ‘‘कॅन?’’

‘‘दुखतंय.’’

त्या मैदानावर मी मराठी शब्द कधीच उच्चारला नव्हता. कॅचर म्हणाली, ‘‘हाह? व्हॉट?’’ कोचनी मात्र डावा तळवा पुढे केला. त्यावर चेंडू ठेवायला मला बराच वेळ लागला.

माझ्या जागी आलेल्या मुलीचा पहिलाच चेंडू समोरच्या बॅटरने पार कुंपणाकडे टोलवला. आम्ही हरलो.

बसमध्ये माझ्याशी कुणी बोलेना. मागून मात्र एक आवाज नीट ऐकू आला. ‘‘वन मोर आउट ओन्ली, ऑल्सो कॅनॉट ताहान.’’ एवढंही सोसलं नाही हिला. मी खिडकीकडे तोंड केलं. कोच बॅटची जड पिशवी डाव्या हाताने ओढत आले आणि माझ्या शेजारी बसले. बस निघाल्यावर त्यांनी विचारलं, तो शब्द कोणता?

मी सांगितला.

‘‘दु-का-ताई,’’ ते म्हणाले.

घरी दार उघडल्यावर आईने काही विचारायच्या आत तोच शब्द मी तिलाही सांगितला. तिने माझ्या खांद्यावरची बॅग काढून घेतली. डॉक्टरांनी खेळ बंद ठेवायला सांगितलं, आणि ती सुट्टी मला फार लांब वाटली.

मी मैदानावर परत आले त्या दिवशी टीममधल्या दोघी अजून माझ्याकडे बघत नव्हत्या. कोचनी चेंडू माझ्या हातात दिला, पण सोडला नाही.

‘‘दुकाताई?’’

उत्तर द्यायच्या आधी मी रिकामा हात एकदा सावकाश गोल फिरवून पाहिला.