मामांसमोर बोलताना

मराठी बोलणारी माणसं जगात कोट्यवधी असतील, पण ती शुद्ध बोलणारा माणूस एकच आहे आणि तो जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानांमागच्या गल्लीत राहतो, असं माझ्या आत्याच्या यजमानांचं प्रामाणिक मत होतं. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून ते आमचे मामा. मामांच्या मते बोलण्यात हेल सगळ्यांनाच असतो. परभणीकराला असतो, बीडकराला असतो, पुणेकराला तर असतोच, फक्त त्याला कुणी तोंडावर सांगत नाही. हेल नसलेले एकटे मामा. "पाण्याला रंग असतो का?" ते मला विचारायचे. "तसं माझं बोलणं." त्यांचा जन्म भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा, बालपण गुरांमागचं, शिक्षण तालुक्याला, नोकरी जालन्यातल्या एका सरकारी कचेरीत. या एवढ्या प्रवासात पाण्याला रंग कसा लागला नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

खरी गोष्ट अशी होती की मामांइतका ठळक हेल मी जन्मात दुसऱ्या कुणाचा ऐकला नाही. गावाकडं आपण लोक 'पाणी'ला 'पानी' म्हणतो आणि 'कोण'ला 'कोन', हे त्यांना तरुणपणी कळलं होतं आणि त्याची त्यांना इतकी लाज वाटली, की त्यांनी 'न' या अक्षरावरच कायमची फुली मारली. जिथं जिथं 'न' दिसला तिथं तिथं ते 'ण' बसवायचे. ते 'दुकाणात' जायचे, 'फोण' करायचे, आणि राहायचे 'जालण्यात'. 'स'च्या बाबतीतही ते अधूनमधून सावधगिरी बाळगायचे. त्यामुळे त्यांच्या न्हाणीत साबण नव्हता, शाबण होता. हे सगळं ते इतक्या ठसक्यात बोलायचे की नवखा माणूस आपलंच चुकलं असेल असं समजून गप्प बसायचा. गल्लीतल्या कापडवाल्या शेठजींनी एकदा बोलता बोलता 'खर्चा' म्हटलं. मामांनी त्यांना भर दुकानात थांबवलं आणि "खर्चा णाही, खर्च" असं सांगितलं. शेठजी कापड मोजता मोजता म्हणाले, "साहेब, खर्च म्हणलं तरी तेवढाच होतो." मामांना त्यातला विनोद कळला नाही. शेठजी सुधारत आहेत, असं ते पुढं महिनाभर सांगत होते.

त्यांच्या गावी रेणुकामातेच्या जत्रेत एकदा एक तीन-चार वर्षांची मुलगी आईचा हात सुटून भलतीकडेच गेली. मंडळाच्या माणसानं तिला मंडपात आणून बसवलं आणि ध्वनिक्षेपकावरून ओरडायला सुरुवात केली, "एक पोरगी सापडली हाय..." मामा तिथंच होते. त्यांच्यानं ते ऐकवेना. त्यांनी त्याच्या हातातून माइक घेतला आणि घसा साफ करून सुरू केलं, "सर्व भाविकांस णम्र विणंती. एक बालिका मंडपात सुखरूप असूण तिच्या पालकांणी त्वरित संपर्क साधावा." बराच वेळ कुणी आलं नाही. पोरगी रडून रडून निळी पडायला आली. शेवटी त्या माणसानं माइक परत हिसकावला आणि बोंब ठोकली, "आरं कोनाची पोरगी हाय, जल्दी घिऊन जा, जीव चाललाय तिचा." प्रसादाच्या रांगेतून एक बाई चपला टाकून धावत आली. रांगेत उभी राहून तिनं मामांची सूचनाही ऐकली होती, पण ती देवस्थानाची काहीतरी वर्गणी असेल असं तिला वाटलं होतं. ही गोष्ट आम्ही पुढं कितीतरी वर्षं हसत हसत सांगायचो.

मामा असे का झाले, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांच्या एकुलत्या मुलीचं, म्हणजे आमच्या ताईचं, पुण्याचं स्थळ ठरलं होतं. त्या बैठकीत मामा दिवसभर तोलून तोलून बोलले. निघताना मुलाकडच्या एका वयस्कर बाईंनी अगदी आपुलकीनं विचारलं, "तुम्ही नागपूरकडचे का हो?" मामांचा चेहरा उतरला. शुद्ध राहिलं बाजूला, त्यांना धड त्यांचा मराठवाडासुद्धा मिळाला नव्हता. परतीच्या एसटीत ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते आणि मग माझ्याकडे न बघताच बोलू लागले. बाविसाव्या वर्षी ते त्याच शहरात नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. समोरच्यांनी विचारलं, केव्हा आलात? हे म्हणाले, "कालच आल्तो." समोरचे तिघं हसले. त्यातल्या एकानं त्यांना ते वाक्य परत म्हणायला लावलं. मग शेजारच्या खोलीतून आणखी दोघांना बोलावलं आणि म्हणाला, आता यांच्यासमोर म्हणा. "मी म्हणालो," मामा म्हणाले. "तीणदा म्हणालो. मला वाटलं, ऐकू येत णसेल." त्यानंतर मी कधी कुणाला त्यांची नक्कल करून दाखवली नाही.

पण त्या तिघांच्या हसण्याची किंमत मोजली ती माझ्या आत्यानं. आत्या म्हणजे आमच्या घराण्यातली सर्वांत बोलकी बाई. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी ती माहेरपणाला आली की ओसरीवर बायांचा घोळका जमायचा. ती माणसांच्या, म्हशींच्या, सरपंचाच्या, हुबेहूब नकला करायची. आणि हीच बाई सासरी मामांसमोर मुकी. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, "भाकर करून राह्यले, खाता का?" मामांनी आधी वाक्य सुधारलं आणि मग भाकरी खाल्ली. तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलायचं म्हणजे आधी मनात वाक्य जुळवायची. जुळलं तर बोलायची, नाही जुळलं तर राहू द्यायची. तिच्याजवळ शुद्ध वाक्यं मोजकीच होती. "जेवण तयार आहे." "वीज गेली आहे." "मी देवळात जाऊन येते." माहेरी ती गप्पा मारायची, सासरी निवेदन करायची. मामांना मात्र आपली बायको मितभाषी असल्याचा अभिमान होता. "तिला वायफळ बोलायची सवय णाही," ते म्हणायचे, आणि आत्या पदराआड हसायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिला बरं वाटेना. मी त्या दोघांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, शांत आणि समजूतदार. तिनं आत्याचा हात हातात घेऊन विचारलं, "आजी, काय होतंय? तुमच्या शब्दांत सांगा." आत्यानं तोंड उघडलं. "छातीत कसंतरीच हून राह्यलं बाई, जसं काही..."

"होत आहे," मामा शेजारून म्हणाले. मुद्दाम नाही, रागानंही नाही. पन्नास वर्षांची जिभेची सवय होती.

आत्या थांबली. तिनं मामांकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे. तिच्या मनात वाक्य जुळत होतं, ते मला दिसत होतं. आणि मग ती म्हणाली, "थोडे दुखत आहे."

डॉक्टरनं पुन्हा विचारलं, नेमकं कुठं, कशासारखं. आत्या म्हणाली, "आता बरे आहे." डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढली, त्यात फारसं काही दिसलं नाही. तरी सोमवारी संभाजीनगरला जाऊन पुढच्या तपासण्या करा, असं तिनं बजावून सांगितलं. सोमवारची गाडीही मी ठरवली होती. रविवारी पहाटे आत्या अंगणात सडा टाकायला गेली आणि बादलीजवळच बसल्या जागी गेली. पूर्ण सांगितलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, हे कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टरलाही नाही. मी विचारलं नाही. पण 'जसं काही'च्या पुढं तिला काय म्हणायचं होतं, हे मात्र आता कधीच कळणार नाही.

तेराव्यानंतर ताई पुण्याला परत गेली आणि मामा घरात एकटे राहिले. एके दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले. पाणी प्यायले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "तुझ्याकडे तिचं बोलणं आहे, असं ताई सांगत होती."

होतं. ताईच्या मुलीनं शिकवल्यापासून आत्या फोनवर बोलून निरोप पाठवायची, आणि मला तर रोज काही ना काही पाठवायची. मामा म्हणाले, त्यांच्या फोनवरही आहेत तिचे निरोप. त्यांनी मला ते ऐकवले. "मी पोहोचले आहे." "आपण औषध घ्यावे." "दूध फ्रिजमध्ये ठेवले आहे." एकेक शब्द सुटा, मोजून ठेवल्यासारखा. एसटी स्थानकावर गाड्या पुकारणारी बाई बोलावी तसा. मामा म्हणाले, "ही ती णाही रे. आवाज तिचा आहे. पण ही ती णाही."

मग मी माझा फोन काढला आणि लावला. खोलीत आत्या बोलायला लागली. "बापू, आंबाडीची भाजी करून ठिवली, संध्याकाळी येऊन जाय. तुहे मामा झोपलेत तंवर बोलून घेते बाबा, उठले की माही साळा भरते." पुढं शेजारणीच्या सुनेची हकिगत, गल्लीतल्या कुत्रीला झालेली पिल्लं, कुणाचं तरी बारसं. श्वास घ्यायलाही न थांबता. आणि मग एकदम तिनं आवाज बदलला. छाती फुगवून, घसा साफ करून, "मी दुकाणातूण शाबण आणूण येतो." हुबेहूब मामा. आणि त्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी घाईनं बंद करायला गेलो. मामांनी माझा हात धरला. "राहू दे," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटलं असेल म्हणून मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, पण ते फोनकडे नुसते बघत होते. "असं हसायची ती?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "रोज." निरोप अजून संपला नव्हता. ठसक्यामागून लांबून एका म्हाताऱ्या माणसाचा झोपेतला आवाज आला, "कोनासंगं बोलून राह्यली गं? पानी आन जरा." आणि तिथं तो संपला.

"हा कोण?" मामांनी विचारलं.

"तुम्ही," मी म्हणालो.

त्यांनी तेवढाच तुकडा परत लावायला सांगितला. मग पुन्हा एकदा. "मी असा बोलतो?"

"झोपेतून उठलात, घाईत असलात, की बोलता."

"आणि तिणं कधी सांगितलं णाही," मामा म्हणाले. त्यांनी मांडीवरची टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. मग म्हणाले, "त्या दिवशी दवाखाण्यात तिला पुरं बोलू द्यायला पाहिजे होतं." नाही म्हणणं खोटं झालं असतं आणि हो म्हणायची गरज नव्हती. मी सगळे निरोप त्यांच्या फोनवर पाठवून दिले. पण मला ताईनं नंतर सांगितलं, की मामांना ते ऐकवत नाहीत. लावतात आणि पहिल्या 'बापू'लाच बंद करतात. ते निरोप त्यांच्यासाठी नव्हते ना.

माझे वडील आत्याचे थोरले भाऊ. आता थकलेत, माझ्याकडेच असतात. त्यांची वाणी थेट आत्याची, तोच हेल, तेच शब्द, वाक्याच्या शेवटी तसाच वर जाणारा सूर. मामांशी त्यांचं उभ्या जन्मात जमलं नव्हतं. मामा आले की ते पोथी घेऊन आत जाऊन बसायचे. हल्ली दर रविवारी मामा येतात आणि वडिलांसमोरच्या खुर्चीवर बसतात. "अण्णा, काही सांगा," असं म्हणतात. वडील बहिणीबद्दल बोलत नाहीत, ते त्यांना जमत नाही. ते गावच्या कापसाबद्दल बोलतात, कोणाची विहीर आटली, कोणाचं सोयाबीन गेलं, लहानपणी बैल कसा उधळला होता. मामांना शेतीत कवडीचा रस नाही. ते डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत बसतात. वडिलांना ते कळतं. म्हणून ते साध्यासाध्या गोष्टी उगाच लांबवतात, आणि दमून थांबले की समोरून मिटल्या डोळ्यांनी मामा हळूच म्हणतात, "मंग?"