ज्या दिवशी मला 'पाहिलं' दाबता आलं नाही

१९ एप्रिल, रविवार. टाकी धुवायची होती.

आधीच सांगते, मी गणित शिकवते. भूत, भास, संकेत असलं काही मी मानत नाही, आणि या सदरातले अनुभव वाचून आजवर हसलेच आहे. हा लिहितेय कारण याचं उत्तर मला सापडलेलं नाही... आणि कारण यातला एक भाग मी पाच महिने कोणाला सांगितला नव्हता.

आमचं घर चिखलीत, गावाच्या कडेच्या नव्या वस्तीत. मागच्या अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी आहे. सहा फूट खोल, तोंड दोन फुटांचं, वर लोखंडी झाकण. उन्हाळ्यात नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि कधी येईल ते कोणी सांगत नाही. म्हणून आमच्या गल्लीत नळाला तोटीच नसते. पाइप थेट टाकीत सोडलेला. आपण घरी असो-नसो, पाणी पडत राहतं.

आता घड्याळाचं. सासूबाई एकट्या घरी असायच्या म्हणून मुलीने पुण्याहून त्यांच्यासाठी एक घड्याळ आणलं होतं. घालणारा माणूस पडला की ते ओळखतं आणि आपल्या फोनवर टिटवीसारखं ओरडतं. आधी यादीतल्या पहिल्या नावाला, म्हणजे मला. मी 'पाहिलं' दाबलं की ते गप्प. तीनदा वाजूनही कोणी दाबलं नाही, तर दुसऱ्या नावाला... म्हणजे ह्यांना.

सासूबाईंनी आठवड्यात त्याची खोड ओळखली. हात जमिनीवर जोरात आपटला की घड्याळाला वाटतं बाई पडली. मग चहा हवा, पंखा बंद करायचाय — आपटला हात.

मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, हे काय चालवलंय? मी वर्गावर असते."

"आवाज देऊन देऊन घसा बसते माझा. हे बरं हाय. तू लगेच फोन करतं."

"खरंच पडाल तेव्हा कोणी येणार नाही."

"येशीन वं. जातं कुठं तू?"

नोव्हेंबरात शाळेत मीटिंग चालू असताना फोन ओरडला. सगळ्यांनी वळून पाहिलं. मी 'पाहिलं' दाबलं आणि फोन पालथा ठेवला. चाळीस मिनिटांनी घरी आले, तर त्या मोरीत पडलेल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. मला पाहून एवढंच म्हणाल्या, "आली का?" जानेवारीत गेल्या. फोन आपल्याला का आला नाही, हे ह्यांनी तेव्हा विचारलं होतं. "रेंज नसेल," असं मी सांगितलं.

घड्याळ मी लोखंडी कपाटात ठेवलं. चार्जर मुलगी पुण्याला घेऊन गेली. त्यातल्या सिमचा रिचार्जही केव्हाच संपला.

तर रविवारी अकराच्या सुमारास मी शिडी लावून टाकीत उतरले. फोन वर, धुण्याच्या दगडावर. मोकाट गाईचा पाय आत जाऊ नये म्हणून झाकण अर्धं ओढून घेतलं होतं. भिंती घासल्या, गाळ बादलीत भरला, आणि बादली घेऊन वर चढताना शिडी शेवाळावरून सरकली. मी शिडीसकट खाली. घोटा मुरगळला आणि शिडीच्या मधल्या दोन पायऱ्या निखळल्या.

एका पायावर उभी राहिले. हात काठाला पुरत होते, पण अंग वर ओढायचं बळ नव्हतं. हाका मारल्या. हे बाजारात, शेजारचे लग्नाला मेहकरला गेलेले. टाकीत स्वतःचाच आवाज डोक्यावर आदळतो, बाहेर किती जातो कोण जाणे.

तेवढ्यात वर माझा फोन ओरडला. टिटवी.

तो आवाज मी जानेवारीनंतर ऐकला नव्हता. थांबला. थोड्या वेळाने पुन्हा. आणि त्याच वेळी पाइप आधी फुसफुसला, मग त्यातून पाणी पडायला लागलं. मला पोहता येत नाही. दोनदा पाइपकडे हात टाकला, दोन्ही वेळा घोट्यावर भार येऊन खाली बसले. फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पाणी गुडघ्याला होतं. मग वाजायचा बंद झाला. तेव्हा मला मोरीतल्या फरशीवरची ती चाळीस मिनिटं पहिल्यांदा नीट दिसली. दगडावरचा फोन वाजतोय आणि कोणी येत नाही, ते कसं असतं ते कळलं.

पाणी कमरेच्या वर गेलं तेव्हा फाटक वाजलं.

"तू टाकीत हाय का?" झाकण सरकवून हे वाकले. "आई पडली म्हणून दाखवून राह्यलं मले फोनवर. नकाशात ठिपका मागच्या अंगणात. म्हटलं हे काय होऊन राह्यलं..."

"आधी पाइप बाहेर काढा. मग बोला."

त्यांनी पाइप काढला, प्लास्टिकची खुर्ची आत सोडली, मी तिच्यावर चढले आणि त्यांनी ओढून घेतलं. मग ओल्या कपड्यांनिशी लंगडत जाऊन मी कपाट उघडलं. घड्याळ होतं तिथेच होतं. काच काळी. बटण दाबून धरलं, काही नाही.

मुलगी म्हणते, जुना मेसेज कुठेतरी अडकला असेल. असेलही. पण दोन्ही फोनवर त्याच दिवसाची तारीख आहे, वेळ साधारण मी पडले तेव्हाची. आणि सासूबाई हयातीत त्या टाकीजवळ कधी गेल्या नाहीत. मला याचं गणित जमलेलं नाही. दुसऱ्या कोणाला जमलं तर जरूर कळवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पायाला प्लास्टर, हे चहा घेऊन आले. मी म्हटलं, "बसा. नोव्हेंबरात रेंज होती. मी 'पाहिलं' दाबलं होतं."

ते बसले. हातातली बशी खाली ठेवली. "किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

ते उठून अंगणात गेले. मी फोन घेतला, ती यादी उघडली आणि माझं नाव काढून पहिल्या जागी त्यांचं टाकलं. ते घड्याळ आता घालणारं कोणी नाही. तरी टाकलं.