भागीबाईचा तराजू

मखमलाबादच्या भागीबाईला कुठलीही वस्तू दिसली की ती मनातल्या मनात उलगडून बघायची. बादली असो, स्टो असो, दळणाचा डबा असो. सपाट केली तर हिचा पुठ्ठा कसा कापावा लागंल? द्राक्षांच्या हंगामात ती पिंपळगावला खोकी जोडायच्या कामावर जाई आणि फाटकी खोकी मागून घरी आणी. कातर, कणकेची खळ, खळीला झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद, बस्स. पुठ्ठ्याच्या पोटातल्या नळ्या कुठल्या अंगानं वळतात नि कुठल्या अंगानं मोडतात, ते तिच्या बोटांना कळायचं. तिनं केलेलं पुठ्ठ्याचं शिवणयंत्र बघून शेजारीण खरंच चाक फिरवायला बसली होती.

भावकीत लग्न निघालं की रुखवताला भागीबाई हवीच. महाल, देवळं मात्र ती करीत नसे. "महालात कोण ऱ्हातंय आपल्यातलं? रोज हाताखाली येतं ते करावं."

अठ्ठ्याण्णव साली तिच्या भावाच्या, मोतीरामच्या सुवर्णाचं लग्न ठरलं. सोयरे देवळा गावचे, कांद्याचे व्यापारी. त्यांच्या मानाला म्हणून भागीबाईनं तराजू केला. दांडी वाकू नये म्हणून तिला आडव्या-उभ्या नळ्यांचे थर. पारडी ओल्या पुठ्ठ्याची, डब्याच्या झाकणावर दाबून वाळवलेली. जीव ओतला बाईनं.

रुखवत मांडलं आणि वरमाय नवसाबाई तराजूपुढं थबकली.

"हाई काय शे? व्यापाऱ्याच्या सुनेला तराजू? आम्ही काटा मारतो, असं मांडवभर सांगताय का?"

असलं काही भागीबाईच्या ध्यानीमनी नव्हतं. मोतीराम कानाशी लागला, "आक्के, उचल ते. पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल." मुंडावळ्यांआडून सुवर्णा रडवेली होऊन बघत होती.

भागीबाईचा हात पुढं झाला नि थांबला. आता उचलला तर टोमणा होता, हे कबूल केल्यासारखंच.

"विहीणबाई, टोमणा मारायचा असता तर दांडी कलती केली असती. लय जीव लावून केलाय. तोलून बघा, मग बोला."

नवसाबाई काही हलली नाही. तिचा नवरा पुंजाराम मात्र पुढं आला. जन्म तोलण्यात गेलेला माणूस. त्यानं एका पारड्यात सुपाऱ्या टाकल्या, दुसऱ्यात अक्षता, दांडी सरळ होईस्तोवर. मग पारडी बदलून सुपाऱ्या इकडं नि अक्षता तिकडं केल्या; काटा खोटा असता तर दांडी आता कलली असती. मांडवातल्या बाया माना उंचावून बघू लागल्या. दांडी डुलली, डुलली आणि होती तशी सरळ थांबली.

"काटा खरा शे!" पुंजाराम खूश होऊन म्हणाला. "हा आपल्या पेढीवर ठेवू."

"पेढीवर कसाले? धूळ खाईल," नवसाबाईनं तराजू स्वतःच उचलला. "घरात राहील, माझ्या सुनेच्या कपाटावर." मग भागीबाईकडं वळून म्हणाली, "पण पुढल्या खेपेला पाटा-वरवंटा करा बाई. त्याच्यावरून भांडण नाही होत."

"होत नाय कसं?" भागीबाईचा जीव आता कुठं भांड्यात पडला होता. "सासू-सुनांचं पहिलं तिथंच होतं!"

हसण्यात सुवर्णाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.