रेणूनं घरात ऐकून घेतलेले स्पीकर

अंबडच्या एसटी डेपोत मेकॅनिक असताना गोरक्षनाथला एकच हौस होती, चांगला आवाज ऐकायची. जालन्याच्या एका दुकानात त्यानं हाय-फाय सिस्टिम ऐकली आणि तेव्हापासून घरचा टेपरेकॉर्डर त्याला डबडं वाटायला लागला.

डेपोतल्या भिवानं तर लाइटी चमकणारा सेट हप्त्यावर आणलासुद्धा. "तू बी जल्दी घेऊन टाक," म्हणाला. गोरख निघालाच होता, पण बायको, रेणू, आडवी आली.

"दुकानात समदंच गोड वाजतं. आपल्या घरात कसं वाजतंय ते ऐका, मंग घ्या."

दुकानदार घरी न्यायला कशाला देतोय? गोरखनं घाई सोडली. पगारातून थोडं थोडं बाजूला टाकत राहिला. दिवाळ्या आल्या नि गेल्या. मग कळलं, जालन्याचे काकासाहेब म्हणून एक पेन्शनर लेकाकडे पुण्याला चाललेत, त्यांना अँप्लिफायर आणि स्पीकरची जोडी विकायचीय.

"घेऊन जा, वाजवून बघ," काकासाहेब म्हणाले. "न्हाई पटलं तर आणून दे. स्पीकर बराबर आहेत का तेवढं बघ, बाकीचं मागून बदलता येतं."

पत्र्याच्या खोलीत घरचाच टेपरेकॉर्डर जोडून कॅसेट लावली, तर ढोलाचा नुसता घुमारा. शब्द कळेना. गोरखचं तोंड उतरलं. "परत देऊन येतो."

रेणूनं पेटीतल्या गोधड्या काढून मागच्या भिंतीला टांगल्या, स्पीकर भिंतीपासून पुढं ओढले. "आता लावा."

गाणं सुरू झालं आणि तीच खाली बसली. "अगं बाई! गाणारा हितं चुलीपाशी बसल्यावानी वाटून राह्यलं!"

स्पीकर घरातच राहिले. रविवारी दुपारी जेवणं उरकून दोघं ऐकत बसायची. भिवाच्या सेटच्या लाइटी कधीच्या गेल्या. तोही येऊन बसायचा. किती रविवार तसे गेले!

आता गोरख रिटायर झालाय. लेक आकांक्षानं जुन्या अँप्लिफायरला वायर लावून मोबाइल जोडून दिलाय. रेणूला मात्र अलीकडे कमी ऐकू येतं. ती स्पीकरला खेटून बसते, लाकडी खोक्यावर तळवा टेकवते. ढोल हाताला लागला की डोळे मिटून घेते.

"जरा वाढवा की."

"शेजारचे बोलतील."

"बोलू द्या. मला थोडंच ऐकू येणारंय?"

गोरख हसला आणि त्यानं आवाज वाढवला.