मामांना नामंजूर असलेलं लग्न

माझ्या मामांइतका संतापी माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नाही, आणि एवढा संताप इतक्या निरुपद्रवी जागी खर्च करणारा तर कुठेच झाला नसेल. त्यांच्या गावातल्या, बोरीतल्या एकाही माणसाशी त्यांचं कधी वाजलं नाही. शेजाऱ्याचा बैल उभ्या ज्वारीत शिरला तरी "मुकं जनावर हाय" म्हणून सोडून देत. त्यांचं वैर होतं ते कादंबरीतल्या माणसांशी. निजामाच्या काळात त्यांची शाळा उर्दूतून झालेली. मराठी पुस्तकं मनाजोगती हाती पडली ती निजामी गेल्यावर, चाळिशीत. त्यामुळे ज्या गोष्टींवर माणूस पोरवयात रुसून मोकळा होतो, त्यांच्यावर मामा मिशा पिकल्यावर रुसत होते. परभणीच्या वाचनालयातून मी त्यांना पुस्तकं नेऊन देई आणि ते ती पोथीसारखी वाचत. आंघोळ करून, पाटावर बसून, ओळीखाली बोट धरून, मोठ्यानं. ऐकायला घरचे आणि अर्धी आळी. पान गाळायचं नाही, अध्याय अर्धा सोडायचा नाही. एका कादंबरीत चुलत्यानं पोरक्या पुतण्याला घराबाहेर काढलं, तर मामा ताटावरून उठले. मामी म्हणाली, "चुलत्यानं केलं ते केलं, माझ्या भाकरीनं काय केलं?" मामा कडाडले, "सरासर बेइमानी चाललीय, अन् तुला भाकरीचं पडलंय!"

असा हा वाघ थोरल्या भावापुढे मात्र शेळी व्हायचा. दादा घरचे कर्ते. मामांच्या लेकीनं, शांतानं बोरीतली शाळा संपवली तेव्हा दादांनी जिंतूरकडचं एक स्थळ जवळजवळ ठरवूनच टाकलं. पोरीनं परभणीला आमच्याकडे राहून पुढं शिकावं, असं मामांच्या मनात फार होतं; पण दादांपुढे तोंड उघडेना. मग त्यांनी काय करावं? त्या वर्षी जो तो वाचत होता ती एका मुलीच्या वाढत्या वयाची कादंबरी माझ्याकडून मागवली आणि दादांना समोर बसवून पावसाळाभर वाचली. शेवटच्या अध्यायात बाप ठरलेलं लग्न मोडून लेकीला शहरातल्या शाळेत पोचवतो. तिथं मामा आवाज चढवून वाचत आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून दादांकडे बघत. दादा सुपारी कातरत म्हणाले, "कागदावर कोनी काय बी लिवतंय. डोळ्यानं बघीन तवा खरं मानीन."

आणि काय योग बघा, त्याच कादंबरीवरचा सिनेमा परभणीला लागला. मामांना आभाळ ठेंगणं झालं. सगळं घर मोटारीत घालून त्यांनी दुपारच्या खेळाला आणलं. बायका पडद्याआडच्या जनान्यात, आम्ही पुढं. सिनेमा अगदी पुस्तकाबरहुकूम चालला होता. मामा दर प्रसंगाला दादांना कोपरानं ढोसत, "आता बघा, आता बघा." आणि शेवटी काय झालं? त्या पोरीनं दप्तर खुंटीला अडकवलं, सनई वाजली, आणि ती मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभी! मला आजही त्या सिनेमावाल्यांचा संताप येतो. वर्षभर लोकांनी उराशी धरलेली गोष्ट, आणि यांनी सनईच्या सुरात तिचा गळा दाबला. दादांनी मात्र उपरण्यानं डोळे पुसले. "लय चांगलं केलं बापानं," म्हणाले. "आता जिंतूरकरांना सांगावा धाडू."

दिवे लागले. मामा खुर्चीवर चढले. "बसा समदे! कोनी उठू नका! हे झूट हाय! ह्या पोरीचं लगीन झालंच न्हाई!" दारवान धावला, लोक हसायला लागले, कुणीतरी शिट्टी मारली. मामांनी पिशवीतून पुस्तक काढून शेवटचा अध्याय उघडला. पण संतापाच्या भरात बोटाखाली ओळ ठरेना. एकच वाक्य तीनदा वाचलं, पुढची ओळ काही सापडेना. हशा वाढला. तेवढ्यात जनान्याच्या पडद्यामागून शांताचा आवाज आला. पुस्तक तिच्या हातात नव्हतं. पण अख्खा पावसाळा तिनंही ऐकला होता, आणि आपल्याच नशिबाची गोष्ट कोण विसरेल? ती न अडखळता म्हणत गेली, आणि टॉकीज हळूहळू गप्प झाली. शेवटचं वाक्य संपलं तेव्हा दादा जनान्याच्या पडद्याकडे वळले. मग म्हणाले, "सिनेमातली अन् पुस्तकातली काय करती ते ऱ्हाऊ द्या. ही माझ्यासमोर बोलायली. शिकू द्या तिला."

जूनमध्ये मामा शांताला आमच्या घरी सोडायला आले. तिची ट्रंक कोपऱ्यात ठेवली, दोन घोट चहा घेतला आणि निघाले. मी मोटारअड्ड्यापर्यंत पोचवायला गेलो. आता मामा खूष असतील, असं मला वाटत होतं. बघतो तर नाकपुड्या फुगलेल्या.

"आता कुणावर राग, मामा?"

"त्या लिवनाऱ्यावर! लेकीला सोडून बाप हसत घरी गेला म्हनून लिवलंय. कामून लिवलं असं? त्याला लेक नसंल. असती तर असं लिवलं नसतं."

बोरीची मोटार समोर लागली होती. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. मामा उपरणं तोंडाला लावून उभेच राहिले, आणि ती मोटार त्यांनी जाऊ दिली.