कुंडीत जास्त झालेलं खत

सातव्या महिन्यात डॉक्टरांनी मला पलंगावरून उठायचं नाही असं बजावलं. नवरा कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचा, म्हणजे दार उघडायला मला उठावं लागू नये. किल्ली शेजारच्या काकूंकडे असायची.

हाताला पोचेल असं एकच काम होतं, उशाच्या खिडकीतला मनी प्लँट. त्याची पानं पिवळी पडली तशी मी नवऱ्याकडून मागून घेतलेला चहाचा चोथा रोज दोनदा कुंडीत टाकू लागले. माती आंबली, पांढरी बुरशी आली, खोलीभर चिलटं झाली. खिडकीला जाळी असल्यानं तीही माझ्यासारखी आतच.

फोनवर हे ऐकून आई घनसावंगीहून शेतातली माती आणि गांडूळखत घेऊन आली. तिनं कुंडीत बोट खुपसून वास घेतला.

"उपाशी न्हाई ते. तू रोज खाऊ घालून राह्यलीस, पचंल कधी त्याला?"

"मंग दिवसभर करू काय मी?" मला रडूच फुटलं.

आंबलेली माती काढून तिनं नवी भरली, वर मूठभर गांडूळखत घातलं.

"आता महिनाभर हात लावू नको."

झाड जगलं. मला मात्र तो महिना फार जड गेला.