पायाशी टाकलेला चेंडू

साहेबांनी चेंडू माझ्या हातात दिला नाही. पायाशी टाकला.

पिवळट पडलेला. एका बाजूने चिरलेला, चिरेतून आतलं रबर दिसत होतं. तळ्याच्या गाळातून काढलेल्या चेंडूंची एक बादली मैदानावर असायची. त्या बादलीतला.

"उचल," साहेब म्हणाले. "तुला हा पुरे. नवा दिला तर झुडपात घालवशील."

सेल्सचे मॅनेजर हसले. माझ्याबरोबरचे सावंत पायातल्या बुटांकडे बघत राहिले.

रेवा, परवा तू फोनवर विचारलंस, "आजी, गोल्फ शिकतेय, कुठला बॉल घेऊ?" मागून तुझा भाऊ म्हणाला, "आजीला काय विचारतेस?" तुम्हा दोघांसाठी हे लिहिते आहे.

तेव्हा तुमचे बाबा शाळेत होते. आजोबांची गिरणी बंद पडली होती आणि भांडुपचं घर माझ्या पगारावर चालत होतं. मी एका कारखान्याच्या ऑफिसात होते. साहेबांच्या सहीने परदेशी जाणारी इंग्रजी पत्रं मी लिहायची, टाइपही करायची. मग मला ऑफिसर केलं. पहिली बाई. पण कायम केलं नव्हतं. कायम करण्याच्या कागदावर सही साहेबांची.

कारखान्यामागे डोंगराच्या उतारावर कंपनीचं छोटं गोल्फचं मैदान होतं. ऑफिसरांनी गोल्फ शिकायचा, अशी तिथली पद्धत. वर्षातून एकदा स्पर्धा. साहेब खेळताना माणूस जोखतात, असं सगळे म्हणत. मी शिकले. सकाळी डबे भरून, साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालून जायची. शेजारणी विचारायच्या, "काय गं, नोकरीला जातेस की पिकनिकला?"

चेंडूही मी नीट निवडला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, तेवढं लक्ष देऊन वाच. लांब कोणता जातो, ते आधी बघू नकोस. तिथेच सगळे फसतात. भोकाजवळून सुरुवात कर. छोटा फटका मारून बघ, चेंडू कुठे थांबतो. मग मागे मागे जा. फार कडक चेंडू माझ्या मनगटाला दगडासारखा लागायचा. फार मऊ एका चुकलेल्या फटक्यात चिरायचा. मधला एक मला जमला. धोबी तलावच्या दुकानातून तसे दोन आणले. दुकानदार म्हणाला, "मिस्टरांसाठी का?" मी म्हटलं, "नाही. माझ्यासाठी."

चेंडूवर आपली खूण करायची असते. माझी आई चाळीत कपड्यांवर बिब्ब्याची खूण करायची, सामाईक दोरीवर अदलाबदल होऊ नये म्हणून. बिब्बा म्हणजे एक काळं फळ. त्याचा चीक धुऊन जात नाही. मी गरम सुईने चेंडूवर तीन बारीक टोचे मारले आणि त्यांत बिब्बा भरला. बोट भाजलं. खूण छान उठली.

आता स्पर्धेच्या त्या सकाळकडे.

साहेब मराठीच. पण सावंतांशी इंग्रजीत, 'मिस्टर सावंत' म्हणून. माझ्याशी मराठीत, 'तू' म्हणून. मी इंग्रजीची एम.ए. साहेबांच्या पत्रांतल्या चुका काढणारी.

मी वाकले नाही. तो चिरका चेंडू गवतात तसाच राहू दिला. पिशवीतून माझा काढला. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपला चेंडू कुठला, ते मोठ्याने सांगायचं असतं. मी सांगितलं. खूणही सांगितली. साहेब तेव्हा सेल्सच्या मॅनेजरांना काहीतरी किस्सा सांगत होते. कोणी ऐकलं नाही. मी वाकले नाही, हेही कोणी पाहिलं नाही. मला मात्र वाटत होतं, मी केवढा मोठा नकार दिला.

तिसऱ्या भोकाला साहेबांचा चेंडू उजवीकडे उंच गवतात गेला. माझाही तिकडेच. साहेब पुढे होते. त्यांना गवतात एक स्वच्छ चेंडू दिसला. त्यांनी मारला. सुंदर फटका. भोकाशेजारी थांबला. सेल्सचे मॅनेजर टाळ्या वाजवू लागले.

मी गवतात पोचले तर तिथे दुसरा चेंडू पडलेला. त्यावर साहेबांच्या नावाची इंग्रजी अक्षरं.

त्यांनी खूण बघितलीच नव्हती. बघायची गरज काय? माझ्याकडे तर बादलीतला चिरका चेंडू. मग चांगला असेल तो त्यांचाच.

तेव्हा मला कळलं. माझा मघाचा नकार फक्त मला माहीत होता. त्यांच्या डोक्यात मी वाकले होते, चेंडू उचलला होता, आभारही मानले होते.

मी भोकाकडे चालत गेले. सावंत बाजूला येऊन कुजबुजले, "बाई, सोडा ना. चेंडूच आहे. सही व्हायचीय तुमची."

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही माझा चेंडू मारलात."

"तुझा? तुझा तो फाटका."

"तो मी उचलला नाही. पहिल्या भोकाशी पडलाय. हा माझा. बिब्ब्याचे तीन ठिपके आहेत."

त्यांनी चेंडू उचलून फिरवला. ठिपके दिसले. चेहरा तांबडा झाला. मग हसले. "बिब्बा! हे गोल्फचं मैदान आहे, चाळीतली कपड्यांची दोरी नाही."

"चुकीचा चेंडू मारला की दंड बसतो. तुमचा तिकडे गवतात आहे."

कोणी हसलं नाही. साहेबांनी माझा चेंडू माझ्या पायाशी टाकला. पुन्हा.

"उचल तुझा."

माझाच होता तो. पारखून आणलेला, बोट भाजून खूण केलेला.

"तुम्ही टाकलात," मी म्हटलं. "तुम्ही उचलून द्या."

साहेब हलले नाहीत. मी पिशवीतून दुसरा काढला. तीच खूण, तेच ठिपके. चेंडू कुठला, ते मोठ्याने सांगितलं. या वेळी सगळ्यांनी ऐकलं. मग मागे गवतात गेले, जिथून त्यांनी माझा चेंडू मारला होता तिथे दुसरा ठेवला आणि खेळले. फटका बरा बसला नाही. पण ते तिघे उन्हात माझी वाट बघत उभे होते.

सही झाली नाही. मला परत टाइपरायटरवर बसायला सांगितलं. मी कारण लेखी मागितलं. मिळालं नाही. मी बसले नाही. नोकरी गेली. घरी वरण पातळ झालं. बाबांना विचारा, त्यांना आठवत असेल. आजोबा बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढे सगळं कसं छान झालं, ते तुम्हाला वाचायला आवडलं असतं. ते इथे लिहीत नाही.

रेवा, चेंडू तुझ्या हाताला जमेल तो घे. खूण कर. कुठला ते सगळे ऐकेपर्यंत सांग. कोणी पायाशी टाकला, तर तुझा स्वतःचा असला तरी वाकू नकोस. आणि वाकत नाहीयेस, हे तोंडाने सांग. मनातल्या मनात ताठ उभं राहण्याचा काही उपयोग नाही.

माझा तो चेंडू मी शेवटपर्यंत उचलला नाही. आजही उचलणार नाही.